कलेचे शिक्षण आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही काही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यानंतर अध्यापनाची पदविका आणि मग अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मास्तरकी, एवढीच आमची पुंजी. परंतु नुकत्याच झालेल्या गुणगौरव समारंभात शेवटच्या रांगेत बसलो असताना एक विचार मनात आला आणि तो काही केल्या मनातून जाईना. तो आपणांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी आम्ही उभे राहिलो आहोत.

त्या समारंभात व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा सत्कार झाला, त्या साऱ्यांचे गुण शेकडा ऐंशीच्या वर होते. त्यांचे कौतुक आम्हांसही आहे. त्यांत आमची एक नातही होती. परंतु त्याच वेळी मागे, जोडे काढून ठेवतात त्या जागी, दहाबारा मुले उभी होती. कोणी वीटभट्टीवर आईबापांबरोबर राबणारे, कोणी पाचवीतच रखडलेले, कोणी आपल्या ज्ञातीचे, तर कोणी कार्यालयामागच्या वस्तीतील. त्यांपैकी एक मुलगा खडूच्या तुकड्याने पायरीवर व्यासपीठाचे चित्र काढीत होता. समई, हार, खुर्च्या, सारे काही त्यात होते. अध्यक्षमहाशयांचा फेटासुद्धा त्याने सोडला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर झाडलोट करणाराने पायरी पुसली आणि चित्र गेले. त्या मुलाचा सत्कार करण्यास आपल्यापाशी कोणताही नियम नव्हता, नाव नव्हते, रकाना नव्हता.

बंधुभगिनींनो, आपण कुंभार. माती हे आपले दैवत आणि चाक हे आपले कुलचिन्ह. घट बसवायचे तर आपल्या दारी यावे लागते, संक्रांतीची सुगडी आपली, दिवाळीची पणती आपली, बेंदराचे बैल आपले, आणि माणसाच्या शेवटच्या प्रवासातील मडकेही आपलेच. एवढी कला ज्यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांच्या मुलांस आज कला म्हणजे काय हे कोण शिकवितो? शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांस रविवारी चित्रकलेचा वर्ग असतो, तबल्याचा असतो, नृत्याचा असतो. उन्हाळ्याच्या सुटीत तर ‘मातीकाम’ शिकविणारी शिबिरेही निघतात आणि त्यांस भरघोस शुल्क असते. ज्याच्या आजोबांनी मातीत जन्म काढला, त्या मुलापाशी मात्र ते शुल्क नसते. हा दैवाचा विनोद नव्हे. ही आपल्या व्यवस्थेतील उणीव आहे, आणि तिचा काही वाटा आपल्या सर्वांच्या पदरी येतो.

येथे आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. चाळीस वर्षे ती आम्ही उरात वागविली आहे.

सन १९८५ ची गोष्ट. आम्ही तेव्हा कृष्णाकाठच्या एका खेड्यातील शाळेत चौथीच्या वर्गास शिकवीत होतो. वर्गात आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. पाढ्यांत तो कच्चा, शुद्धलेखनात त्याहून कच्चा. बेंदराच्या आदल्या दिवशी त्याने मातीचा एक बैल करून आणला आणि आमच्या टेबलावर ठेवला. बाजारात विकतात तसा तो चार पायांवर ताठ उभा नव्हता. त्याने मान वळविली होती, आपलाच खांदा चाटण्यासाठी बैल वळवितो तशी. मानेखालची पोळी त्या वळणाबरोबर एका अंगास कलली होती. नऊ वर्षांच्या मुलाने ते पाहिले होते आणि हातांनी पकडले होते.

आम्ही काय केले? त्या दिवशी शाळेची तपासणी होती. आम्ही स्वतः कुंभाराचे पोर. मातीतून वर येऊन पांढरा सदरा घातल्यास तेव्हा सात वर्षेही झाली नव्हती. टेबलावरील ती ओली माती आणि त्या मुलाचे बरबटलेले हात पाहून आम्हांस लाज वाटली. आम्ही म्हणालो, “हात धुऊन ये आधी. आणि हे उचल. याच मातीत राहायचे आहे काय जन्मभर?” त्याने बैल उचलून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. दुपारी आषाढाचा पाऊस आला. शाळा सुटेपर्यंत कट्ट्यावर केवळ गाळ उरला होता. तो मुलगा त्या गाळाकडे पाहत काही वेळ उभा राहिला आणि घरी गेला. रडला नाही. रडला असता तर कदाचित आम्हांस तेव्हाच कळले असते.

पुढे तो सातवीत असताना तालुक्याला चित्रकलेची स्पर्धा होती. प्रत्येकाने आपापली रंगपेटी आणावी, असे आम्ही वर्गात सांगितले. पाच मुलांनी आणली. त्या पाचांस आम्ही तालुक्यास नेले. रंगपेटी कोणापाशी आहे हे आम्ही पाहिले. हात कोणाचा आहे हे पाहिले नाही. सातवीनंतर त्या मुलाची शाळा सुटली.

सन २०१५ मध्ये, निवृत्तीस एक वर्ष उरले असताना, गणपतीच्या एका कारखान्यात तो आम्हांस भेटला. रबरी साच्यात प्लास्टर ओतण्याचे काम तो करीत होता आणि नगावर मजुरी घेत होता. आम्हांस पाहताच तो उठला, हात पुसले आणि वाकून पायांवर डोके ठेवले. बोलता बोलता त्या बैलाची आठवण त्यानेच काढली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, ती मान पुन्हा कधी साधली नाही बघा. आता साच्यात मान वळवायची सोय नाही.” आणि लगेच विचारले, “माझी पोरगी सहावीत आहे. भिंती रंगवून ठेवते. तिला कुठं घालू?”

आम्ही गप्प राहिलो. तिला कुठे घालावे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. अडतीस वर्षे शिक्षक म्हणून मिरविलेल्या माणसास एका बापाच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याहून दुसरी शिक्षा कोणती?

आता कोणी म्हणेल, “मास्तर, ज्याच्या अंगी खरी कला आहे तो आपली वाट आपणच काढतो. अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले. तरी त्यांनी ‘फकिरा’ लिहिलाच ना?” आहे, हे खरे आहे. परंतु एक अण्णाभाऊ वर आले म्हणून बाकीच्या हजारांस वाट होती, असे कसे म्हणावे? पुरातून एक जण पोहून पार झाला म्हणून पूल नको, असे कोणी म्हणत नाही. ज्यांची वाट निघाली त्यांची चरित्रे नीट वाचली, तर बहुतेकांच्या चरित्रांत कोणीतरी दार उघडणारा भेटतो.

विनायक पांडुरंग करमरकर यांचेच उदाहरण घ्या. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले आणि त्यांनी ह्या खेड्यातील मुलास मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पाठविण्याची व्यवस्था केली. पुढे ह्याच करमरकरांनी पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविला. १९२८ साली तो उभा राहिला. सासवण्यास त्यांच्या राहत्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे, ते आपण सर्वांनी एकदा अवश्य पाहावे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, तो कलेक्टर त्या देवळाकडे फिरकलाच नसता तर? एका थोर शिल्पकाराचे आयुष्य एका अधिकाऱ्याच्या फेरफटक्यावर अवलंबून राहिले. आपल्या मुलांचे भवितव्य अशा योगायोगावर आपण का सोडावे?

दुसरे उदाहरण डहाणू तालुक्यातील. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच आई गेली, आणि त्या धक्क्याने त्यांची वाचा बंद झाली. तेव्हा ते धुळीत चित्रे काढून आपले मनोगत सांगत. वारली चित्रे लग्नाच्या चौकासाठी भिंतीवर काढण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातील चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या वर्षांत त्या पाड्यांवर गेले. त्यांनी ह्या चित्रांचे मोल ओळखले, कागद आणि रंग नेऊन दिले. पुढे म्हसे यांची चित्रे परदेशांत गेली, आणि २०११ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. २०१८ साली ते निवर्तले. येथेही पाहा, भास्कररावांनी कला नेली नाही. कला तेथे होतीच. त्यांनी कागद नेला. कधी कधी एवढेच पुरते.

तिसरे उदाहरण कोल्हापूरचे, आणि ते तर आपल्यासारख्या कारागिराच्या घरचे. बाबूराव पेंटर हे सुतारकाम आणि कारागिरी करणाऱ्या घराण्यात १८९० साली जन्मले. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी पडदे रंगविले, शिल्पे केली, चलच्चित्रांचा कॅमेराही स्वतः तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. त्यांचा मोठेपणा आम्हांस यापुढे दिसतो. त्यांच्या कारखान्याचे दार बेताच्या शाळेच्या पोरांस बंद नव्हते. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी तेथेच काम करता करता शिकली. पुढे त्यांनी प्रभात कंपनी काढली; दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ ह्या १९३६ च्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. एका कारागिराने आपल्या कारखान्याचे दार उघडे ठेवले आणि त्या दारातून मराठी चित्रपटाची एक सबंध पिढी बाहेर आली.

संगीताचे तरी काय होते? ते दरबारांत आणि उस्तादांच्या घरांत बंदिस्त होते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. ह्याच पुरुषाने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेही संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे तर लोकांच्या पाठबळावर. ज्यास गाणे शिकायचे आहे त्याने वर्गात येऊन बसावे, पुस्तक घ्यावे, परीक्षा द्यावी, ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा ती क्रांती होती.

आणि मुलांपुरते बोलायचे तर डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीस कसे विसरावे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथील आदिवासी मुलांसाठी जे केले ते आम्हां शिक्षकांस आजही वाट दाखविते. मुले गुरे चारावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांस दूषण दिले नाही. शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, बिया, माती, शंख हेच तेथील शिक्षणाचे साहित्य झाले. अगदी अलीकडे, ठाण्यात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. लोकवस्त्यांतील मुलांनी स्वतःच्याच आयुष्यातील गोष्टी नाटकरूपाने रंगमंचावर मांडाव्या, ही त्यामागील कल्पना. मतकरी २०२० साली गेले, पण त्यांनी दाखविलेली वाट आपणांपुढे आहे.

आता सरकारी नियम काय सांगतो तेही ऐका. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर त्या शाळेस कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. म्हणजे शंभरांच्या आतील शाळेस तोही नाही. आणि आपली वाडीवस्तीवरची मुले बहुधा अशाच लहान शाळांत असतात. जेथे एकदोन शिक्षकांवर सारे वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि कागदपत्रे, तेथे चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो आणि गणितात जातो. आम्ही स्वतः तो असाच कितीदा घालविला आहे. दुसऱ्यास बोल कसा लावावा?

त्याशिवाय कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. त्या उत्तीर्ण होणाऱ्यांस दहावीस काही वाढीव गुण मिळतात, आणि पुढे कलाशाळांत जाणाऱ्यांस तो पाया ठरतो. परंतु शुल्क, कागद, रंग, ब्रश, पट्टी, कंपास आणि केंद्रावर जाण्यायेण्याचे भाडे, हे सारे मोलमजुरी करणाऱ्या बापास जड जाते. परीक्षा सर्वांस खुली आहे हे खरे. पण दार खुले असूनही उंबरठा उंच असतो, तो असा.

निवृत्तीनंतर २०१६ साली आम्ही घरच्या ओसरीवर रविवारचा वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी आली ती त्या बैलवाल्याची मुलगी, एकटीच. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग कारखान्याच्या तळावर उतरलेल्या ऊसतोडणी कामगारांची मुले आली. आम्हांस चित्रकला फारशी येत नाही. आम्ही कागद देतो, बसावयास चटई देतो आणि गप्प बसतो. गावातील एक वृद्ध कारागीर महिन्यातून एकदा चाक घेऊन येतात, आणि एक निवृत्त कलाशिक्षक मित्र रंग कसे मिसळावे ते दाखवितात.

सर्वच गोड झाले, असे सांगून आपली फसवणूक करणार नाही. ऊसतोडणीची टोळी दिवाळीच्या सुमारास येते आणि उन्हाळा लागताच निघून जाते. एक मुलगा पाच महिने आला. झोपडी, बैलगाडी आणि फडात पेटलेले पाचट ह्यांवाचून दुसरे काही त्याने काढले नाही. पण त्या काळोखातील ज्वाळेचा रंग त्याने असा साधला होता की आमचे कलाशिक्षक मित्र तो कागद हातात घेऊन बसून राहिले. पुढल्या साली ती टोळी आली नाही. तो मुलगा कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. त्याचा कागद आमच्या कपाटात आहे.

पण ती मुलगी टिकली. दोन्ही रेखाकला परीक्षा तिने दिल्या, कलाशिक्षक पदविका घेतली, आणि आज एका शाळेत तासिकेप्रमाणे मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर शिकविते. श्रीमंत झाली नाही. परंतु रविवारी आमच्या ओसरीवर आता ती शिकविते आणि आम्ही चटया उचलतो. मागल्या बेंदरास तिचा बाप ओसरीवर येऊन मुलांत बसला आणि त्याने बैल केले. मान वळलेली की ताठ, ते आम्ही मुद्दामच जवळ जाऊन पाहिले नाही. तो त्याचा आणि त्याच्या मातीचा प्रश्न होता.

ह्या विषयावर मंडळातील काही मंडळींशी आम्ही पूर्वी बोललो, तेव्हा दोन आक्षेप निघाले. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप : कलेने पोट भरते काय? आमचे उत्तर असे की, ओसरीवर येणारी सारी मुले चित्रकार होणार नाहीत आणि होऊही नयेत. परंतु जी मुले वर्गात तोंड उघडीत नाहीत ती येथे आपले चित्र दाखवावयास धावत येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेने ज्यास कायम ‘कच्चा’ म्हटले, त्यास एक तरी गोष्ट आपणांस येते असे कळले, की त्याची मान वर होते. आणि पोटाचेच म्हणाल तर, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्लास्टर सोडून नैसर्गिक मातीच्या मूर्ती करण्यावर भर दिला. शाडूची मूर्ती हाताने घडविणारा कारागीर आज शोधावा लागतो. साच्याने जे हात आपण बेकार केले तेच हात आता हवे आहेत, आणि ते एका दिवसात तयार होत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : आपल्या ज्ञातीच्या वर्गणीतून इतरांच्या मुलांस का शिकवावे? बंधूंनो, ह्याच पश्चिम महाराष्ट्रात छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे कोल्हापुरास उभी राहण्यास हात दिला. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांस त्या काळी बळ मिळाले ते अशा पुरुषांमुळे. महाराजांनी फक्त आपल्याच जातीचा विचार केला असता तर आज आपल्यापैकी किती जण ह्या खुर्च्यांवर असते? करमरकरांस रॉथफील्ड भेटला तो ना गावचा, ना देशाचा. आणि आणखी एक गोष्ट, जी बोलावयास जड जाते. आपले मडके साऱ्या गावाने वापरले, हा आपला अभिमान योग्यच आहे. परंतु गावकुसाबाहेरच्या घरांस आपणही कधी मडके दुरून ठेवून दिले, हे आपल्या वाडवडिलांच्या आठवणींत आहे. आपल्या घरांतसुद्धा बाईने माती तुडवावी, गाळावी, मडकी रंगवावी, पण चाकास हात लावू नये, असा दंडक होता. ज्यांस दारे बंद होती त्यांनीही आपल्याखालच्यांस दार बंद ठेवले. ते कर्ज फेडण्याची संधी आज आपणांकडे चालून आली आहे.

म्हणून आमच्या चार नम्र सूचना आहेत.

पहिली, आपले कार्यालय लग्नसराईवाचून बहुतेक रविवारी रिकामे असते. ते रविवारी सकाळी दोन तास मुलांसाठी उघडावे; कोणत्याही ज्ञातीच्या, मुलगा असो वा मुलगी.

दुसरी, मंडळाने एक रंगपेटी-भांडार ठेवावे. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे तेथून मुलांनी रंग, ब्रश, फळा न्यावा, वापरावा व परत आणावा. ज्यांस रेखाकला परीक्षेचे शुल्क झेपत नाही त्यांचे शुल्क मंडळाने गुपचूप भरावे. व्यासपीठावर त्याचा उच्चार नको.

तिसरी, चाक फिरविणारे जे वृद्ध कारागीर अजून आपणांत आहेत, त्यांस मानधन देऊन गुरू म्हणून बोलवावे, आणि चाकावर पहिला हात मुलींचा ठेवावा.

चौथी, वर्षातून एकदा मुलांची सहल न्यावी. सासवण्याचे संग्रहालय आहे. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा आहे, सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली ती सुरू झाली, आणि तेथे मातीकामाचा, म्हणजे आपल्याच विद्येचा, विभाग आहे. आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर आहे. तेरास गोरोबाकाकांच्या समाधीस आपण जातोच. परंतु तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? त्यात सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोणा अनामिक हातांनी त्या घडविल्या. मुलांनी त्या पाहाव्या आणि मग आपल्या हातांकडे पाहावे.

तेरचे नाव निघाले, म्हणून गोरोबाकाकांच्या कथेनेच हे लांबलेले भाषण आवरतो. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी काकांस विचारले की, ह्यांत पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटले. सर्व शांत राहिले. नामदेव तेवढे रागावले, आणि काकांनी सांगितले, हे मडके कच्चे. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि हसतो. पण तिच्या पुढचा भाग विसरतो. कच्चे ठरले म्हणून नामदेवांस कोणी उकिरड्यावर टाकले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले, त्यांस गुरू मिळाला, आणि तेच पुढे पंजाबपर्यंत भक्तीचा निरोप घेऊन गेले. शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची वाणी आहे. कच्चे म्हणजे वाईट नव्हे, कच्चे म्हणजे अजून आव्यात न गेलेले, हे कुंभाराच्या जातीस कोणी शिकवावयास नको.

आम्ही आयुष्यभर थापटणे घेऊन मुलांच्या डोक्यांवर थापटीत राहिलो आणि पक्की कोणती, कच्ची कोणती ते सांगत राहिलो. भाजण्याचे काम मात्र पुष्कळदा राहून गेले. आपल्या कार्यालयाच्या पायरीवर ज्याने खडूने चित्र काढले, तो मुलगा आजही येथे कोठेतरी असेल. पुढल्या संमेलनात ती पायरी पुसण्यापूर्वी कोणीतरी त्याचे नाव विचारावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.